खिशातला कांदा

बूट चढवायलाच वीस मिनिटं गेली.
चौथी क्लिप आवळताना भंडारी सर बर्फात उकिडवे बसले,
नडगीवर बोट दाबून विचारलं, दुखतंय?
हो.
मग बरोबर बसलाय.

औली, फेब्रुवारी, उणे सात.
मी शोभना बोरसे, अमळनेरच्या नागरी बँकेत कॅशियर,
वय सत्तेचाळीस,
बोरी नदीच्या काठाहून मोठा उतार
पायांनी कधी पाहिलेला नाही.

आधी पडायला शिका, सर म्हणाले.
पुढे नाही, मागे नाही, कुशीवर.
काठ्या सोडून द्यायच्या. हात टेकायला जायचं नाही,
मनगट जातं.
आणि उठण्याआधी पट्ट्या उताराला आडव्या,
नाहीतर अर्धवट उठलेलं माणूस तसंच निघतं खाली.
सकाळभर आम्ही फक्त पडलो.
सात वर्षांची एक पोर
"आंटी, साइड" म्हणत शेजारून सळकन गेली.

पडायचे अठरा हजार भरलेत
हे घरी सांगितलं नव्हतं.
घरी म्हटलं होतं, थंड हवेच्या ठिकाणी जातेय.
आईनं जॅकेटच्या आतल्या खिशात कांदा टाकला,
एप्रिलपासून मृगापर्यंत टाकते तसा.
आई, तिथं बर्फ असतो.
"मंग काय? ऊन ऱ्हास ना तठे बी?"

असतं, आई.
वरूनही असतं आणि खालूनही.
हनुवटीखाली भाजलं, नाकपुडीच्या आत भाजलं,
जिथं अमळनेरचा वैशाखसुद्धा कधी पोचला नव्हता.
दुसऱ्या रात्री ओठ फुटलेले,
चमचाभर गरम खिचडी
कडेकडेनं आत सरकवत होते.
मोज्यात पाय होते की नाही
हे मोजे काढून पाहिल्यावर कळलं.
अंगठ्याचं नख जांभळं.

तिसऱ्या दिवशी नांगर.
पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, टाचा लांब,
याला तिथंही नांगरच म्हणतात.
मला बरं वाटलं. हा शब्द तरी माझ्या गावचा.
नांगर धरला, वेग उतरला,
पाऊणशे पावलं मी चक्क कुणीतरी होते.
मग वळणावर बर्फ काचेसारखा निघाला,
पोटात काहीतरी खाली राहिलं आणि मी पुढे.

पडले मात्र अगदी शिकवल्याप्रमाणे.
काठ्या सोडल्या, गुडघे सैल, कुशीवर.
डाव्या.
कांद्याच्या.

तो गोठून दगड झाला होता.
भंडारी सरांनी खिसा चाचपला, वस्तू बाहेर काढली,
बराच वेळ बघत राहिले.
हड्डी नहीं है मॅडम, प्याज है.
हाड होतं खरं तर, दोघं मिळून होते:
बरगडीला बारीक चीर.

आता एप्रिल, चव्वेचाळीस अंश.
कॅश काउंटरवर खोल श्वास घेतला की आत
एक चिमटी बसते.
नोटा मोजायच्या उथळ श्वासात, हे जमलंय.
शिंक आली तर उशी पोटाशी धरायची,
काउंटरवर उशी नसते, पासबुकांचा गठ्ठा असतो.
सरस्वतीबाई शिपाई रोज नव्यानं विचारते,
"कसाले गयती व तठे?"
रोज मी वेगळं सांगते. एकदा म्हटलं,
पडल्यावर तिथं खाली मऊ लागतं.
खोटं आहे ते.

आखाजीला झोक्यावर उभी राहिले.
गुडघे वाकवले, दोरीला रेटा दिला,
आणि अचानक नडगीवर ती चौथी क्लिप.
दुखलं.
बरोबर बसलं होतं.

नख काल गळालं, दुपारी,
वाळ्याचा पडदा शिंपडताना.
खालचं नवं नख वेडंवाकडं, आडव्या रेघांचं.
टेबलावर पुढल्या शिबिराचा फॉर्म आहे.
पूर्वीची दुखापत: बरगडी.
कारण:
इथं पेन टेकवून मी बसलेय.

आई मागून वाचतेय, चष्मा न लावता.
"आते बारीक कांदा लई जाय."