चार पॉइंट सात

सायलेन्सरमध्ये नळी सारून तो पडद्याकडं बघत राहिला,
आणि मी, इंजिन चालू ठेवून,
सवयीनं डावीकडच्या सीटवर सरकले.
तिथं अजून दुसरा ब्रेक आहे.
सत्तावीस वर्षं माझा पाय त्याच्यावर होता,
दुसऱ्यांच्या चुकांच्या बरोबर एक इंच वर.

"चार पॉइंट सात," तो म्हणाला. "तीनच्या आत पाहिजे, काकी."

विट्यात आकड्याशी कोण भांडतं?
इथं घरटी एक माणूस
कानपूरला नाहीतर कोइमतूरला मुशीपुढं बसून
सोन्यातली खोट शेकड्यात सांगतो.
त्यांच्या मागं राहिलेल्या बायका गाडी शिकल्या त्या माझ्याकडं.
नवरा दिवाळीला येणार, गाडी दारात झाकलेली,
सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं तर शेजारच्या पोराच्या विनवण्या.
मग दुपारी दोनला, भांडी पालथी घालून,
पदर खोचून त्या यायच्या,
आणि चपला बाहेर काढून गाडीत बसायच्या.
"चपला घाला आधी."
हा माझा पहिला धडा.

मायणी रस्त्याचा एकजण म्हणे
दुसऱ्याच गाडीला नळी लावून कागद देतो.
मनात आलं नाही असं नाही.

बाबालाल शिकलगारनं बॉनेट उघडलं.
एअर फिल्टर झटकला तर मागांचा कापूस निघाला,
मूठभर. प्लग काळेकुट्ट.
कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा पिळून
त्यानं मान तिरकी करून ऐकलं, पुन्हा किंचित सोडला.
"पेट्रोल जादा पिती, हवा कमी घेती. घाबरल्यागत."
मग म्हणाला, "चौथ्यात कधी पळवलीय का हिला?"
नव्हती.
धडे सगळे पहिल्या-दुसऱ्यातले.
जन्मभर ती कुणालातरी शिकवत हळू चालली,
आणि काजळी धरत गेली आतून.
"आळसंदपर्यंत जाऊन या. तापू दे. थंड गाडी परीक्षेला न्यायची नसती."

तर गेले. एकटी, उजव्या सीटवर.
ह्या वळणावर मेटकरीबाईंनी उसाच्या ट्रॉलीला आरसा दिला होता.
ह्या पुलावर रेहाना तांबोळी आधी रडल्या,
मग काय झालं कुणास ठाऊक, गाणं म्हणत पुढं गेल्या.
मी चौथा टाकला.
मागं काळा ढग सुटला, एक बकरी खोकली असं वाटलं,
मग रस्ता निवळत गेला.

"तीन पॉइंट एक."
"वरचं एक सोड की रे."
त्यानं मान वर केली नाही.
"आईला रिव्हर्सपायी तुम्ही तीनदा परत पाठवलेलं.
मी मागच्या सीटवर होतो. बिस्किट खात."
मेटकरींचा धाकटा! नाक तेच.
मी काय बोलणार?
"थोडी रेस द्या, काकी. धरा. धरा…
आता सोडा, हळू. घाई कुणाची नाही."
वाक्य माझंच होतं, सूरसुद्धा.
डावा पाय उगाच शोधत राहिला
जे ह्या बाजूला नाही ते.

"दोन पॉइंट आठ. सहा महिने."
नंबर प्लेटचा फोटो काढला, कागद गरम होता.
म्हणाला, "आरसा बघून घ्या निघताना."
बघितला.
धूर दिसत नव्हता.
होता. तीनच्या आत.