मागच्या गाडीसाठी

मी औषधं विकतो, परतूरला, बसस्टँडसमोर.
दिवसभर मिलिग्रॅम.
अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री,
थेंबाथेंबानं मोजलेलं कुणाच्या लेकराचं टॉनिक.
त्यामुळंच असेल.

जालन्याला गट्टाणींच्या यार्डात तो उभा होता,
रांगेत सातवा.
पुढच्या सहांचं भट्टीत पाणी झालेलं,
आठवड्यात सळया होऊन
ते कुणाच्या तरी स्लॅबमध्ये निजणार होते.
शक्तिमान. फौजेतून उतरवलेला, लिलावात आलेला.
मुनीम म्हणाला, गाडी म्हणून भाव नाही,
लोखंड म्हणून सांगतो.
काट्यावर पाच हजार दोनशे चाळीस किलो.
मी म्हणालो, हौद्यातलं पाणी वजा करा.

खाजामिया मिस्त्रीनं बॉनेट उघडलं,
बराच वेळ हात घालून बसला आत.
"मेला नाही, साब. रुसलाय."

आठ महिने लागले रुसवा काढायला.
पंप नांदेडहून, बॅटऱ्या दोन,
गॅस्केट हातानं कातरलेलं,
ताडपत्री शिवणारा अंबडचा, तो म्हणाला
एवढ्या कापडात माझ्या मेव्हणीचं लग्न निघालं असतं.
मागं आम्ही फळ्यांची शेज केली, माठाला लोखंडी कडं,
आणि मथुरानं साखळीला एक तांब्या टांगला.
वाजतो तो, म्हटलं.
वाजू द्या, म्हणाली.

कामून घेतलं ओ हे धूड?
ऊस वाहणार? नाही.
मुरूम? नाही.
मग?
चालवणार.
लोक जरा थांबायचे,
पुढचं वाक्य येईल म्हणून.

आरटीओतला साहेब म्हणाला, हा रंग तुमचा नाही,
हा फक्त त्यांचा.
खरवडला. हिरव्याखाली वाळूचा रंग निघाला,
त्याच्याखाली पुन्हा हिरवा.
मथुराला विचारलं, कोणता देऊ?
ती डाळ घोटत होती. तिनं रवी वर धरली.
तेव्हापासून आमचा ट्रक वरणाच्या रंगाचा आहे.

केबिनमध्ये हीटर आहे.
मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत, खाजामिया पाहुण्यांना
तो चालू करून दाखवतो.
आतून कुठल्या तरी थंड गावाची धूळ येते,
आणि पाहुणे खाली उतरतात.

दुधनेच्या कोरड्या पात्रात मी शिकलो.
क्लच दोनदा, मधे श्वास.
पुढचा एक्सल लावला की आधी खडखड, मग ओढ,
आणि खांद्यापर्यंत चढणारं दुखणं, ज्यावर
माझ्या दुकानात चार कंपन्यांची मलमं आहेत.
मी एकही लावत नाही.

पुढच्या वर्षी खाजामियानं निस्सान घेतली.
बायकोला सांगितलं, गिऱ्हाइकाची आहे.
अजून तेच सांगतो.

ह्या गाड्यांच्या पोटाखाली, मागच्या एक्सलवर
एक पांढरा गोल रंगवलेला असतो, वर इवला दिवा.
लढाईत बाकी सगळे दिवे विझवतात.
मागच्यानं एवढाच गोल धरून यायचं.
सगळं रंगवलं, तो गोल तेवढा तसाच ठेवला.

पौषात लोणीच्या माळावर हुरडा खाल्ला.
परतताना अवस, वाट बैलगाडीची.
खाजामिया म्हणाला, दिवे बंद करून बघू?
दोन पोरं नसलेल्या वयाची माणसं आम्ही.
मी पुढं, चांदण्यांवर अंदाज धरून, पहिल्या गिअरात.
मागं तो.
माझा गोल मला दिसत नव्हता,
त्याला दिसत असेल म्हणून मी सरळ जात राहिलो.
मथुरा फळीवर झोपली होती.

डांबरी लागल्यावर त्यानं गाडी शेजारी घेतली.
"साब, बल्ब तर ओढ्यातच गेला तुमचा."
मग आलास कसा?
"तांब्या वाजत होता ना."