विधिमंडळाचा हेतू

नाखवा वकिलांच्या गाऊनला आतून एक चोरखिसा होता.
नळबाजारच्या इस्माईल टेलरनं शिवलेला,
फीच्या बदल्यात.
दुकान पागडीचं, मालक हुसकावत होता,
लघुवाद न्यायालयात अकरा वर्षं तारखा.
फाइल मी धरायचो. उलटतपासणीत अडले
की साहेबांचा हात त्या खिशात जायचा.
आत खडीसाखर असायची, बाकी काही नाही.

पहिली निवडणूक अपक्ष. चिन्ह मिळालं शिलाई मशीन.
इस्माईल हसला की रडला, आता नीट आठवत नाही,
पण मतदानाच्या दिवशी त्यानं दुकान बंद ठेवलं,
ईद सोडून एरवी कधी ठेवायचा नाही.

पास काढून मी गॅलरीत बसलो होतो.
पहिल्याच भाषणात साहेबांच्या तोंडून "मिलॉर्ड" निघालं,
सभागृह हसलं, अध्यक्षही.
मला मात्र बरं वाटलं.

मग पक्ष आला, गाडी आली,
पुनर्विकासाचं विधेयक आलं.
कलम सात मीच टाइप केलेलं,
साहेब सांगत होते, रात्री दीडपर्यंत:
"भाडेकरूंची आणि गाळेधारकांची संमती."
राजपत्रात छापून आलं तेव्हा
"आणि"च्या जागी "किंवा".
मी फोन केला.
"गजानन, ते समितीत ठरलं," म्हणाले,
"आणि आता मी दिल्लीचं बघतोय."

दिल्ली दहा वर्षं.
दिवाळीला कार्ड यायचं, सही छापील.

पडले तेव्हा बारा हजारांनी पडले.
महिन्याभरानं फोर्टातला तिसरा मजला चढून आले,
दम लागलेला. "गाऊन आहे का रे?"
होता. डांबराच्या गोळ्यांसकट.
खांद्यात होईना.
इस्माईलच्या निसारनं शिवण उसवून
दीड इंच सोडलं, आणि म्हणाला,
पैसे नकोत वकीलसाब, माझी एक केस आहे.

दुकान तेच.
भाडेकरूंनी सह्या दिलेल्या, गाळेधारकांना कुणी विचारलंच नव्हतं.

न्यायमूर्ती तरुण होत्या. चष्मा पुसत म्हणाल्या,
"कलमात स्पष्ट 'किंवा' आहे, मिस्टर नाखवा.
असं लिहिण्यात विधिमंडळाचा हेतू काय होता?"

साहेबांचा हात चोरखिशात गेला.
मी पिवळं पडलेलं ते टाइप केलेलं पान पुढं सरकवलं.
त्यांनी पाहिलंही नाही.

"मिलॉर्ड," म्हणाले, "मी तिथं होतो."

पुढची तारीख सात जुलै.