चाळीस मिनिटं मोकळा वेळ

प्रागमध्ये आम्ही बेचाळीस जण
एका नारिंगी छत्रीमागून चाललो.
छत्री एकदाही उघडली नाही.
ऊन असो, भुरभुर असो,
लेंका ती मिटलेलीच वर धरायची
आणि आम्ही, कसबा पेठ, सहकारनगर, बिबवेवाडी,
कानात एकेक यंत्र खुपसून
तिच्या कुजबुजीमागे.

घैसास सर मधेच थांबून सनावळी टिपायचे.
चौदाशे दहा. तेराशे सत्तावन्न.
उपासनी वहिनींना हवं असायचं स्वच्छतागृह
आणि तिथे लागणारी सुटी नाणी.
दुपारी पुलाच्या कठड्याला टेकून
कुणीतरी लसणाची चटणी फिरवली.
नदी चांगली होती.
मुठेबद्दल कुणी काही बोललं नाही.

घड्याळापाशी वीस मिनिटं आधीच पोचलो.
तास झाला. वरची दोन दारं उघडली,
लाकडी संत एकेक डोकावून गेले,
बाजूला सांगाडा दोरी ओढत राहिला.
हे सगळं मी फोनमध्ये पाहिलं.
माझ्या नव्हे.
पुढे एक उंच माणूस होता, त्याच्या.

मग लेंका म्हणाली, चाळीस मिनिटं मोकळा वेळ,
आणि सगळे फ्रीजवरची चुंबकं घ्यायला पळाले.
मी एका बोळात शिरलो.
दुसऱ्या मजल्यावर खिडकी उघडून
एक बाई सतरंजी झटकत होती.
मी मान वर करून बघत राहिलो.
फोटोही काढला असेन.
असेन काय, काढला.
तिनं माझ्याकडे पाहिलं
गॅसवर दूध ठेवून आलेल्या माणसासारखं
आणि खिडकी लावून घेतली.

आता नोव्हेंबर. रविवार, सकाळचे साडेआठ.
मी गॅलरीत, बनियनवर,
टॉवेल वाळत घालतोय.
खाली तांबट आळीत मठारकाम सुरू.
तांब्यावर हातोडी, तांब्यावर हातोडी,
जन्मापासून ऐकतोय, त्यामुळे ऐकू येत नाही.
आज आलं.
कारण खाली सतरा माणसं उभी राहून ऐकत होती.
पुढे एक मुलगी, खांद्याला खादीची पिशवी,
हातात उंच धरलेली निळी छत्री.
मिटलेली.

पोरगी जर्मन फाडफाड बोलत होती.
मधेच ओळखीचं काही कानावर यायचं,
पेशवे, बंब, घंगाळ,
की पुन्हा सगळं पाण्याखाली.
मग तिनं आमच्या इमारतीकडे बोट केलं.
काय सांगत असेल?
बांधकाम अठ्ठ्याऐंशी सालचं,
लिफ्ट दिवाळीपासून बंद,
सोसायटीच्या सभेला गणपूर्ती होत नाही?
सतरा माना वर झाल्या.
एका आजोबांनी कॅमेरा उचलला.

माझ्या तोंडात कपड्यांचा चिमटा.
खिडकी लावून घ्यावी म्हणून हात गेला,
पण गॅलरीला खिडकी नसते.
तेव्हा पोट आत घेतलं
आणि टॉवेल जरा सरळ केला.
आतून हेमलता ओरडली, अहो, दूध!
ते उतू गेलंच.

दहा वाजता खाली उतरून वडक्यांना विचारलं,
आमच्या इमारतीबद्दल काय म्हणत होती ती?
हातोडी न थांबवता ते म्हणाले,
मला काय कळतंय? पण त्यातल्या एका बाईनं
बंब मागितला. जुनाच हवा म्हणाली.
विचारलं, पाणी तापवणार का,
तर नाही.
दारामागे छत्र्या ठेवायला.

रात्री प्रागचे फोटो काढून बसलो.
सहाशे अकरा. त्यातले चारशे घड्याळाचे,
बाकीच्यात घैसास सरांची टोपी.
बोळातला तो सापडला, चटणी आणि चुंबकं यांच्या मधे.
दोन बोटांनी मोठा केला.
सतरंजी नव्हतीच ती.
टेबलावरचं कापड होतं, निळ्या चौकड्यांचं,
आणि त्यातून पावाचा चुरा पडत होता
सरळ खाली,
माझ्यावर.