बडीशेपेची ताटली

बाप सांगायचा, काहीच ठेवलं नाहीस
तर पोऱ्या म्हणेल, विसरला असेल गिऱ्हाईक.
राग आलाय हे कळवायचं असेल
तर एक रुपया ठेव. छापा वर करून.

बाप हॉटेलात आयुष्यात तीन-चारदाच जेवला,
तेही कोर्टाच्या तारखेला.
नियम मात्र त्याचे होते
आणि ते मी पाळतो.

खानापूर, स्टँडसमोर, सव्वा वाजलेला.
पुरीभाजी सांगितली, उप्पीट आलं.
परत पाठवलं, तर तेच उप्पीट
शेजारच्या टेबलाला एक फेरी मारून माझ्याकडेच आलं,
आता वर लिंबाची फोड.
चार पेल्यांत चार बोटं.
फडकं असं, की पुसायच्या आधी टेबल जास्त स्वच्छ होतं.
"ओ, पुरी?"
"बरतैत्री, येतंय की."
कुठून येतंय? लोंढ्याहून?

मी गावच्या डेअरीत फॅट लावतो.
पंचवीस वर्षं लोकांच्या दुधातलं पाणी ओळखतोय.
रुपया आधीच वेगळा काढून ठेवला.

पुरी आली. गार.
फुगली असेल कधीतरी, नाही म्हणत नाही.

खाता खाता सकाळी काढलेला उतारा उघडला.
सगळा कानडीत. आकडे तेवढे कळतात मला,
अक्षरं म्हणजे पलीकडच्या गल्लीतली माणसं,
रोज दिसणारी, कधी न बोललेली.
पाचशे दिले होते खिडकीत.
कुणी मागितलेसुद्धा नाहीत,
कारकुनानं नुसता ड्रॉवर उघडा ठेवला
आणि पंख्याकडे बघितलं.
तीन हेलपाटे. एकदा नेटवर्क नाही, एकदा साहेब नाहीत,
एकदा जेवणानंतर या.
तिथं मला बापाचा नियम आठवला नव्हता.

पोऱ्या जग घेऊन मागे उभा, मान वाकडी करून वाचत.
थोडं पाणी कागदावर सांडलंच.
"नाव काय वो तुमचं?"
"का?"
"हितं गाडी लिवलंय."
"घाडी. ओमाणा घाडी. वडील माझे."
"घ न्हवं ह्यो. ग हाय. ओमाणा गाडी."
बोट टेकवलं. तेच, पेल्यातलं.
मग त्याच ओल्या बोटानं टेबलावर
कानडी घ काढून दाखवला,
पंख्यानं वाळायच्या आत मी तो पाठ केला.

हसलो दोघंही.
बाप जन्मभर सगळीकडे चालत गेला
आणि मेल्यावर सरकारनं त्याची गाडी केली.

मडिवाळ नाव त्याचं, बैलहोंगलकडचा.
आठवीत शाळा सुटली. शुद्धलेखनात पहिला यायचो,
असं काहीतरी म्हणाला,
कानडीत म्हणाला, म्हणजे मी तसं समजलो.
गल्ल्यावरून मालक ओरडला
आणि तो पुन्हा वाईट वेटर झाला,
सात नंबरचा चहा नऊला.

बिल पंचावन्न. ताटलीत बडीशेप.
वीसची नोट काढली. की पन्नासची?
गार पुरीचे किती वजा,
एका अक्षराचे किती अधिक?
हिशेबात घड्याळ दिसलं, दोनला पाच कमी,
तसाच धावलो.

खिडकी बंद, आत पंखा चालू.
कट्ट्यावर रुपया ठेवला. छापा वर.
कारकून दात कोरत आला.
"हे काय?"
"तुमचंच. वडिलांनी सांगितलंय."
त्यानं तो उचलला, सहज,
आणि ड्रॉवरात टाकला.
दुरुस्तीला नवा अर्ज. सोमवारी या.

जांबोटीच्या बसमध्ये तिकिटाला खिशात हात घातला
तर वीसची नोट, घामानं मऊ झालेली.
ताटलीत काहीच ठेवलं नव्हतं मी.

मडिवाळ म्हणेल, विसरला असेल गिऱ्हाईक.
खरंच विसरलो रे.
पण हे कळवायला काय ठेवतात
ते बापानं सांगितलेलं नाही.