जोर लागला तर थांब

द्वारकाबाई लोटन चौधरी, वय एकावन्न,
राहणार पैलाड, अमळनेर.
उजवा हात वर नेते मी धरून :
साठ अंशांना भुवई हलते,
शंभरावर ती श्वास धरते,
एकशेवीसच्या पुढे पुन्हा मोकळी.
दुखणं असं मधल्या उंबऱ्यावर बसलेलं.
"आठे," ती म्हणते. "आठेच दुखस."

काम काय करता?
"मांडा करस. ऑर्डरना."
म्हणजे दोन्ही हात हवेत.
पुरण भरलेली कणीक पंजावरून मनगटावर,
मनगटावरून कोपरापर्यंत उतरते, वाढते,
पलीकडचा माणूस दिसेल इतकी होते,
आणि खापरावर पडेपर्यंत
खांद्याने खाली यायचं नाही.
एका आखाजीला चारशे.

आमचे सर धुळ्याला शिकवायचे,
सुई नंतर. आधी अंगठा.
खांद्याच्या मागून जा, हाडाचा कोपरा शोध,
त्याच्या बोटभर खाली दाब.
भरताचं वांगं देठाशी दाबून बघतात ना,
तसा एक मऊपणा लागेल.
मिटलेल्या पेनाचं टोक तिथे रुतव.
शाई आयोडीनने पुसली जाते, खळी राहते.
आयोडीन वाळू दे. वाळायच्या आत घाई करतो
तो रंगारी, डॉक्टर नाही.
मग आत, पुढच्या दिशेने, हाडाच्या छताखालून.
दट्ट्या आधी मागे ओढून बघ, रक्त नाही ना.
मग सोड.
औषध आपणहून गेलं पाहिजे,
पाटात पाणी जातं तसं.
जोर लागला तर थांब.
जोर लागतो म्हणजे तू कंडरेत शिरलायस,
पोकळीत नाहीस.
सुई थोडी मागे घे. पुन्हा जा.

पहिल्यांदा दिलं तेव्हा दुधट औषध
असं गेलं, की तिला कळलंच नाही.
"व्हयनं?" म्हणाली. झालं.
रात्रभर ठणकेल, दोन दिवस साखर चढेल,
पंधरा दिवस हात जपा, मी सांगितलं.
तिने पाच दिवस जपला.
दुसरं दिवाळीआधी.
तिसरं एका लग्नाच्या ऑर्डरीसाठी,
त्यानंतर खांद्यावर रुपयाएवढा
पांढुरका डाग राहिला.

आज चैत्र संपत आलाय, आणि चौथं हवंय.

नाही, मी म्हटलं.
वर्षात तीन झाली. कंडरा विरत जाते आतून,
एक दिवस हात उचलाल आणि तुटेल.
ती म्हणाली, "खापर फुटनं ते फुटनं,
आखाजी काय थांबस?"
मी सोनोग्राफीचा कागद उघडला.
आवाज चढवला.
बाहेरचे पेशंट गप्प झाले, भिला कंपाउंडर
दारात येऊन उभा राहिला,
आणि माझ्या लक्षात आलं,
जोर लागतोय.

थोडी मागे घेतली.
चहा मागवला. विचारलं,
घरात आणखी कोणाला येतात मांडे?

बराच वेळ ती पदराचं टोक
न दुखणाऱ्या हाताने गुंडाळत बसली.
"सून से. पन तिना हात जाड से.
खापरले हात लावू देत नही मी तिले."
किती वर्षं?
"नऊ."

मी काही बोलले नाही.
कागदावर व्यायाम लिहून दिला :
वाकून उभं राहायचं, हातात पाण्याचा तांब्या,
हात सैल सोडून झुलवायचा, सकाळ-संध्याकाळ.
तिने कागद घेतला. फी विचारली.
इंजेक्शन नाही तर फी कसली, म्हटलं,
तर रागावून वीस रुपये टेबलावर ठेवून गेली.

आखाजीच्या दुपारी दवाखान्यात डबा आला.
वरचा मांडा एका बाजूला जाड, कडेला करपलेला.
दुसरा मधोमध फाटलेला, पुरण बाहेर.
तिसराही जाडच.
भिला म्हणाला, मॅडम, हे तिच्या हातचे नाहीत.
नाहीत, मी म्हटलं. बस, जेव.

चौथा उलगडताना
माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कळ आली,
सत्तावीस वर्षं लोकांचे खांदे दाबून आलेली,
तिच्याकडे अजून कोणाला बघू दिलेलं नाही.
मांडा उजेडात धरला.
कडेपासून चार बोटं आत, एवढ्याच जागी,
पलीकडचा भिला दिसत होता.