खूणगाठ

मुहू बेटावर नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
विर्वे चष्मा पुसते, संगणक उजळतो:
हातमोज्यांचा नकाशा, बारीक घरांचा,
किंमत सहा युरो. पैसे पोचले की फाईल आपोआप जाते
कधी न पाहिलेल्या कुणाच्या तरी घरी.

तिची एक युक्ती आहे, कुणाला न सांगितलेली.
प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रतीत
एक टाका ती बदलते,
कुणाच्या एकोणिसाव्या ओळीत, कुणाच्या चाळिसाव्या,
नारिंगीचा काळा. बस्स.
डोळ्याला कळत नाही, उबेला तर नाहीच.
वहीत मात्र नोंद: ओळ, टाका, नाव.

मंगळवारी भाचा फोन पुढे धरतो:
कुठल्याशा फुकट्या दुकानात तोच नकाशा,
तिचं नाव कापलेलं, कोपरा तेवढा तिरका गेलेला.
बाराशे जणांनी उतरवून घेतलाय.
"तक्रारीचा फॉर्म असतो, मावशी. मी भरतो."
"थांब," म्हणत ती भिंग काढते.

ओळ तेहतीस. उजवीकडून सातवा.
वहीवरून बोट खाली सरकतं, थांबतं.
हिल्ये तामसार.

पहिलं गिऱ्हाईक. नऊ वर्षांपूर्वी
कार्डावर भरवसा नव्हता म्हणून
पाकिटातून पाठवलेली पाचाची नोट
आणि चिकटपट्टीने चिकटवलेली दोन नाणी:
एक हिशेबाचं, एक टपालखर्चाचं.
फाईलला टपाल लागत नाही हे ठाऊकच नसलेली बाई.

"सापडला ना चोर?" भाचा विचारतो.
कॉफी उतू जाते. विर्वे जाऊ देते.
हिल्येने विकला असेल? की नातीने?
की दवाखान्यात शेजारच्या खाटेवर
"घे गं, हात रिकामे नकोत," म्हणत दिला असेल,
आणि तिथून त्याला पाय फुटले?
टाका सांगतो कुठून निघालं.
का, ते त्याला विचारून उपयोग नाही.

रात्री ती पत्र लिहायला घेते. तीनदा खोडते.
उरतं ते एवढंच:
"तेहतिसाव्या ओळीत माझ्याकडून एक टाका चुकला होता.
दुरुस्त प्रत सोबत आहे. पैसे नकोत.
तब्येत कशी आहे?"

मग प्रत तयार करायला बसते.
बोट बराच वेळ अधांतरी.
लांब धक्क्यावर शेवटची बोट भोंगा देते.
बदलते ती टाका. दुसऱ्या जागी.
वहीत पुन्हा लिहिते: हिल्ये तामसार.

बटणांच्या डब्यात
ते जास्तीचं नाणं अजून तसंच आहे,
चिकटपट्टीसकट.